वरची पाच वांगी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज भाऊबीज. सून ओमेश्वरी माहेरी भावाला ओवाळून संध्याकाळी परत आली, ती ही वही घेऊनच.

"मामाजी," म्हणाली, "कोणत्या वाफ्यात काय लावलं, कधी लावलं, कशाच्या मागं काय लावू नाई, हे सारं तुमच्या डोक्यात हाय. तुमचं डोकं मले उघडता येत नाई. वही उघडता येते. लिहा."

मी म्हटलं, "बाई, मी चौथी पास."

"वांगे काई तुमचं सर्टिफिकेट पाहत नाईत."

मी वही उघडली. घरात आम्ही पोवारी बोलतो, बाजारात झाडीबोली अन् हिंदीची खिचडी. वहीत मात्र जमेल तशी शुद्ध मराठी लिहायचं ठरवलं आहे. मी वाचायला खरा शिकलो तो शाळा सुटल्यावर, सांभार, म्हणजे कोथिंबीर, गुंडाळायच्या रद्दीवर. त्यामुळं माझं वाचन सारं तुकड्यांचं. कितीतरी बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही, तो गिऱ्हाईक घेऊन गेलं.

तर नोंद अशी. बाडी, म्हणजे भाजीचा मळा, अडीच एकर. एका अंगाला कोहमाऱ्याकडं जाणारा रस्ता, दुसऱ्या अंगाला बोडी, म्हणजे आमचं लहान तळं. मधोमध विहीर. वांगी पाऊण एकर, भर जोरात. बाकी मिरची, बरबटी म्हणजे चवळी, सांभार, अन् पाटाच्या कडेनं कोचई, म्हणजे अळू. आजपर्यंत चार पिढ्यांनी या बाडीवर पोट भरलं, अन् चौथ्या पिढीच्या कॉलेजची फीही भरली.

हिशोब लिहायचा नाही असं मी ओमेश्वरीला बजावलं आहे. हिशोब तिचा तिनं मोबाइलमध्ये करावा. मी माणसं अन् वाफे लिहीन.

६ नोव्हेंबर, बुधवार

गावात मंडई, म्हणजे आमची दिवाळीनंतरची जत्रा, झाली. रात्रीच्या दंडारीला, त्या नाचगाण्याच्या नाटकाला, मी बसलो नाही, गुडघे बसू देत नाहीत. दुपारचीच मंडई पाहिली, जिलेबी आणली.

जेवताना मुलगा तिलक बोलला. तो सडक अर्जुनीच्या शाळेत बाबू आहे. मोजकं बोलतो, फाइलीत कागद लावल्यासारखं.

"बाबूजी, कोहमाऱ्याचा ट्रान्सपोर्टवाला बाडी मागून राहिला. ट्रक उभे करायले. पंधरा वर्षांच्या करारानं."

"अन् वांगे कुठं उभे करायचे?" गुणवंतानं विचारलं. गुणवंता म्हणजे आमची घरवाली. पन्नास वर्षं झाली, तिचा प्रश्न कधी वाया गेला नाही.

"मजाक नोको करू, माय. जमीन सपाट करून मुरूम टाकणार. विहीर बुजवणार. तुमाले दोघायले आराम. ओमेश्वरीलेही."

मी ओमेश्वरीकडं पाहिलं. ती वरण वाढत होती. वाढून झाल्यावर म्हणाली, "मले संक्रांतीपर्यंत वेळ द्या. रोजचा बांधलेला गिऱ्हाईक आणून दाखवते. नाई आणला, तर तुमी म्हणान ते."

तिलक बराच वेळ भात कालवत राहिला. मग म्हणाला, "संक्रांतीपर्यंत."

विहीर बुजवणार हे शब्द मला जेवणानंतरही गिळता आले नाहीत.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज बाजार. मी अन् दुर्पता गेलो. दुर्पता आमच्या बाडीत तीस वर्षं काम करते. तिच्या नवऱ्याचा आजा बुधराम, अन् माझा आजा दुधराम. या दोघांनी मिळून आमची विहीर खोदली. नावं जोडीची अन् हिंमतही जोडीची. दुधरामनं जागा दाखवली, बुधरामनं खडक फोडला. पाणी लागलं तेव्हा पहिला घोट बुधरामनं घेतला, असं माझा बाप सांगायचा. अन् हे सांगताना तो उठून उभा राहायचा.

ही वही आहे तर बाजाराची गोष्टही लिहून ठेवतो. घरी सगळ्यांना ठाऊक आहे, पण ठाऊक असलेलंच आधी हरवतं.

आम्ही धानवाले. माळव्याकडून आलेल्या आमच्या पूर्वजांनी इथं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, काढल्या. भाजी विकणं आमच्यात कोणी करत नव्हतं. दुधरामनं केलं. पहिल्या बाजाराला त्यानं शेजारच्यांचं पाहून टोपली लावली, गुळगुळीत वांगी वर अन् किडकी खाली. पुढच्या बाजाराला एक बाई आली. काही न बोलता पदरातली सगळी किडकी वांगी त्याच्या धोतरावर ओतली. भर बाजारात म्हणाली, "धान विकणाऱ्यानं भाजीचं तोंड कायले रंगवलं?"

आजा टोपली घेऊन घरी आला. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या बाजारी त्यानं टोपली उलटी लावली. सगळ्यात वाईट पाच वांगी वर. वाकडं, डागाळलेलं, कीड लागलेलं. चांगला माल खाली. लोक हसले. मग एकानं हात खाली घातला, अन् मग रांग लागली.

तेव्हापासून आमच्याकडं वरच्या पाच वांग्यांना मानकरी म्हणतात. ते विकायचे नाहीत, तोलायचे नाहीत, घरी आणून गाईला घालायचे. ठेवायची रीतही ठरलेली आहे, देठ आपल्याकडं अन् तोंड गिऱ्हाईकाकडं. ही रीत टोपलीमागं बसणाऱ्यालाच कळते. सांगून कोणी शिकत नाही. मी बापाशेजारी बसून शिकलो, तिलक माझ्याशेजारी.

तिलकनं बाजारात बसणं सहावीत सोडलं. त्याला अभ्यासाचा नाद लागला. आमच्या घरातला तो पहिला पदवीधर, म्हणून मला त्याचं नेहमी कौतुक.

आज मानकरी पाहून एक गोंदियाची पाहुणी नाक मुरडून गेली. दुर्पता म्हणाली, "जाऊ द्या बाबाजी. नाक मोठं हाय, पिशवी लहान व्हती."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ओमेश्वरीनं आणला! गोंदियाला नवं भाजीचं दुकान झालं आहे, काचेचं, आत थंडगार. मालक घनश्याम शेठ. तिनं आधी फोनवर वांग्यांचे फोटो पाठवले, मग स्वतः बसनं जाऊन पिशवीभर वांगी त्यांच्या टेबलावर ठेवून आली. सोमवारी अठरा क्रेट माल न्यायचा. पसंत पडला तर आठवड्यातून तीनदा, वर्षभर.

या पोरीचं मला नवल वाटतं. लग्न होऊन आली तेव्हा वाफ्याच्या कडेनं चपला हातात घेऊन चालायची. मला वाटलं, चिखलाला भिते. नंतर कळलं, कोंब मोडू नये म्हणून. थेंबाथेंबानं पाणी देणाऱ्या नळ्या तिनंच आणल्या. मी म्हटलं होतं, "वांग्याले का सलाइन लावतं?" त्या उन्हाळ्यात विहीर पहिल्यांदा मेअखेरपर्यंत टिकली. मी माझे शब्द वांग्याबरोबरच खाल्ले.

दुधरामनं विहीर दिली. माझ्या बापानं पाट बांधले, अन् कोचई अशी पिकवली की आमच्या भागातल्या प्रतापगडच्या यात्रेत लोक नाव घेऊन मागायचे. गुणवंतानं सालेकशाच्या माहेरून पदराच्या गाठीत लांबट वांग्याचं बी आणलं, आजही तेच चालू आहे. मी काय दिलं, ते आठवल्यावर लिहीन.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर तोडणी. ओमेश्वरी, दुर्पता अन् आणखी चार बाया. मी मांडवाखाली खुर्चीवर. ओमेश्वरीनं प्रत्येक वांगं फडक्यानं पुसलं, मापात नाही ते बाजूला काढलं. किडक्यांचा ढीग गाईच्या गव्हाणीजवळ. संध्याकाळी अठरा क्रेट भरून मांडवात लागले. वर ओली पोती. माझ्या लग्नातही एवढी मांडणी नव्हती.

"आता झोपा, मामाजी. योगराज सकाळी साडेपाचले गाडी आणते."

योगराजकडं छोटा हत्ती आहे. पोरगा कामाचा, पण वाटेत जेवणाचं ठिकाण दिसलं की त्याची गाडी आपोआप थांबते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

गाडी गेली! आता सहा वाजले आहेत, चहा समोर आहे, अन् एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

साडेचारला उठून मांडवात गेलो. सहज एक पोतं उचललं. सगळी गुळगुळीत वांगी, आरशासारखी. दुसरं उचललं, तेच. मानकरी कुठंच नाही! पोरगी घाईत विसरली. दिवसभर राबली, डोळ्यांत झोप होती, विसरणारच. एवढा मोठा गिऱ्हाईक, पहिला माल, अन् आमचं नाव न घेता जाणार?

गव्हाणीजवळच्या ढिगातून निवडून निवडून मानकरी काढले. अठरा क्रेट, नव्वद मानकरी. एक तर असा वाकडा होता, अगदी विळाच. तो पहिल्या क्रेटवर दिला. देठ आपल्याकडं, तोंड गिऱ्हाईकाकडं. गुडघे बोलत होते, त्यांना म्हटलं, आजच्या दिवस गप्प राहा. पोती पुन्हा नीट दाबली.

ओमेश्वरीला सांगितलं नाही. कशाला? चूक काढल्यासारखं होईल. घरात सासऱ्यानं एवढं तरी झाकावं.

मी काय दिलं असं परवा लिहिलं होतं. आज थोडं दिलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

माल परत आला.

काल दुपारी दुकानातून फोन आला, संध्याकाळी गाडी. योगराजनं चौदा क्रेट उतरवले, चार कमी. विचारलं तर म्हणे, "आहेत बाबाजी, सांगतो मंग," अन् निघूनही गेला. त्या चार क्रेटचं काय झालं ते मला आत्ताच दिसत आहे. कोणत्या तरी ढाब्यावर त्याच्या पोटात.

तिलकनं विचारलं, "काऊन परत केला?"

ओमेश्वरी म्हणाली, "माझी निवड चुकली. किडका माल गेला."

"तुझी निवड?" तिलक तिच्याकडं बघतच राहिला.

"होय. घाई झाली."

मला पटलं नाही. फडक्यानं पुसणारी पोरगी, तिच्या हातून किडका माल? पण कसं सगळं आपल्या अंगावर घेतलं! नवऱ्यासमोर आवाजही हलला नाही. माझ्या मते दोष गोंदियाच्या लोकांचा आहे. काचेआड बसणाऱ्यांना वांग्याची पारख काय? वरून पाहिलं असेल अन् खाली हातही घातला नसेल.

गुणवंता रात्रभर माझ्याशी बोलली नाही. का, ते कळलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस टेप घेऊन आला. तिलकनं बोलावलं नव्हतं म्हणे, त्याला कुठून कळलं कोण जाणे. बाडीतून चुन्याची रेघ ओढून गेला. रेघ विहिरीच्या कठड्याला लागून गेली आहे.

दुर्पता रेघेजवळ बराच वेळ उभी होती. मग रेघ ओलांडून पलीकडं मिरची तोडायला गेली. पाय लावला नाही, पदर सावरून गेली, जशी मयताच्या वाटेवरून जातात तशी.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बाजारातून आलो. परत आलेला माल पोत्यांनी नेला होता, अर्धा गेला. टोपलीवर मानकरी लावत होतो, तेवढ्यात गुणवंता, जी एरवी बाजारात येत नाही, ती आली, समोर बसली अन् म्हणाली, "अजी, एक विचारू का?"

"विचार."

"सोमवारी सकाळी तुमी गव्हाणीजवळ का करत होते?"

"मानकरी काढत होतो. तुझी सून विसरली होती."

गुणवंतानं कपाळावर हात मारला नाही. तो मारला असता तर बरं झालं असतं. ती फक्त माझ्या हातातल्या वांग्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "घरी गेल्यावर तिच्या मोबाइलमंदी फोटो पाहा. दुकानाच्या पोरानं धाडला हाय."

पाहिला. क्रेट उघडा, पोतं बाजूला. वर पाच वांगी. मधलं वांगं वाकडं, विळ्यासारखं.

मी माझा विळा ओळखला.

ओमेश्वरी शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "तुले माहीत होतं?"

"फोटो पाह्यल्या पाह्यल्या."

"मंग तिलकले तू..."

"मामाजी, तुमी मानकरी द्यायले विसरले नाई, एवढंच झालं. त्यात सांगण्यासारखं का हाय?"

सासऱ्यानं झाकावं असं मी पाच दिवसांपूर्वी लिहिलं होतं. ते पान आत्ता परत वाचलं. फाडावंसं वाटलं, पण वही तिची आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

तिलकला सांगितलं. विहिरीच्या कठड्यावर, रेघेच्या बाजूला बसून. सगळं सांगितलं, गव्हाणीपासून विळ्यापर्यंत. म्हटलं, "तुझी बायको खरी ठरली होती. खोटा मी ठरलो. मुदत तिची होती, मोडली मी. आता जमिनीचं तू ठरव, पण तिच्या नावावर हे नोको लिहू."

तो हसेल किंवा रागावेल असं वाटलं होतं. तो खडे वेचून विहिरीत टाकत राहिला.

"बाबूजी," म्हणाला, "मी सहावीत बाजार काऊन सोडला, तुमाले माहीत हाय?"

"अभ्यासाले."

"शाळेतले पोट्टे मले किडक्या म्हणत. 'किडक्या आला, किडक्या आला.' मास्तरही एकदा म्हणाले. तुमच्या मानकऱ्याईमागं बसून मी मान वर नाई केली, दोन वर्षं."

तीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही. मी तर गावभर सांगत फिरलो, माझ्या पोराला अभ्यासाचा नाद आहे.

"तेव्हा काऊन नाई बोलला?"

"तुमी टोपली लावत होते तेव्हा तुमचं तोंड पाह्यलं असतं तं तुमीही नसते बोलले. देव्हारा लावल्यासारखे लावत."

मला माफी मागायची होती, पण बापानं मुलाची माफी कशी मागायची ते मला रद्दीच्या कोणत्याच तुकड्यात मिळालेलं नाही. मी त्याच्या हातातला एक खडा घेतला अन् विहिरीत टाकला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ओमेश्वरीला घेऊन गोंदियाला गेलो. माझीच जिद्द. माल निवडणारा गुड्डू नावाचा पोरगा आहे, गळ्यात पट्टा, हातात पाटीएवढा मोबाइल. त्याला दुधरामची सगळी गोष्ट सांगितली. धोतरासकट.

पोरानं मन लावून ऐकली. मग म्हणाला, "दादाजी, बात तो सोने की है. लेकिन सिस्टम में एक ही फोटो जाता है. ऊपर का."

घनश्याम शेठ सज्जन माणूस. चहा पाजला. म्हणाले, "चाचा, मैं आपको समझ गया. पर मेरे हर ग्राहक को ये कहानी कौन सुनाएगा? जगह तो अब दूसरे को दे दी."

खोटं काही नव्हतं त्यात. परतीच्या बसमध्ये ओमेश्वरी खिडकीला डोकं लावून बसली. मी म्हटलं, "माझ्यावर एकदा ओरड तरी, बाई."

ती म्हणाली, "ओरडले असते मामाजी. पण तुमी सतरा मिनिटं हिंदीत बोलले. ते ऐकूनच मन भरलं." अन् हसायला लागली. मग मीही. पुढच्या बाकावरची माणसं मागं वळून पाहत होती.

हसून झाल्यावर ओमेश्वरीनं बोटांवर मोजलं. संक्रांतीला सात आठवडे.

३० नोव्हेंबर, शनिवार

योगराजवर मी काय काय लिहून ठेवलं आहे! त्याची क्षमा मागतो. वहीतच मागतो, समोर मागितली तर फुगेल.

आज बाजारातून येतो तर मांडवात एक बाई बसलेली. धिप्पाड, केस पांढरे, हातावर फोडणीचे डाग. बाजूला योगराज, खाली मान घालून.

"तुमीच का ते, किडके वांगे वरतं ठेवणारे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "मीच तो. बोला, धोतरावर का ओतायचं हाय?"

तिला कळलं नाही, पण ती हसली. नाव शकुंतलाबाई. कोहमाऱ्याच्या चौकात तिचा ढाबा आहे. झालं असं होतं की त्या सोमवारी परत येताना योगराज तिथं जेवायला थांबला. आजची भाजी संपली म्हणून ती कुरकुरत होती, तर यानं चार क्रेट उतरवून दिले. म्हणाला, पसंत पडले तर आमच्या बाडीवर या, पैसे तिथंच द्या. पसंत पडतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्यानं आम्हाला सांगितलं नाही.

"मी माल वरून पाहतच नाई," शकुंतलाबाई म्हणाली. "बावीस वर्षं झाली चुलीपाशी. वरून पाह्यलं तं सारेच पाटील. मी क्रेट उलटा करतो घमेल्यात. रोज काय होते? खालचा माल वर येते, अन् तो निघते सडका. त्या दिवशी उलटा केला तं चांगलं वर, चांगलं मधी, चांगलं आणखी मधी, अन् सगळ्यात खाली पाच बेकार. मी या पोट्ट्याले म्हटलं, हे भरणारा एक तं येडा हाय नाई तं..."

"नाई तं?" गुणवंतानं आतून विचारलं.

"नाई तं त्याच्या घरचा माल पाहाले पाहिजे."

पाहिला तिनं. सगळी बाडी, वाफा वाफा. चुन्याच्या रेघेजवळ थांबली, विचारलं, कशाची. ओमेश्वरीनं तिला पुढच्या वाफ्याकडं नेलं.

एक दिवसाआड सहा क्रेट. सांभार अन् मिरची वेगळी. जाताना ओमेश्वरीला बजावून गेली, "वरचे पाच काढजो नोको. ते नसले तं मले कसं समजन तुमचा क्रेट कोणता?"

ती गेल्यावर मी अन् ओमेश्वरीनं एकमेकांकडं पाहिलं, अन् दोघांनीही दुसरीकडं पाहिलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

मधले दिवस लिहिण्यासारखे होते, पण कामामुळं जमलं नाही. शकुंतलाबाईच्या सांगण्यावरून चौकातले आणखी दोन ढाबे लागले. गोंदियाचं दुकान लागलं असतं तेवढा माल जात नाही, हे खरं. उरलेला अजून बाजारात नेतो. तिलक रोज विचारतो, किती क्रेट गेले. ओमेश्वरी सांगते. तो मान हलवतो. त्या मान हलवण्याचा अर्थ हो की नाही, ते मला कळत नाही, तिलाही नाही.

मानकरी लावायला मी आता हात लावत नाही. ओमेश्वरी लावते. तिची मांडणी फुलासारखी असते, पाचही देठं मधोमध जुळवलेली. सुरेख दिसतं. रीत वेगळी आहे, पण मी बोललो नाही. एकदा हात लावून पाहिलंच आहे.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

उद्या संक्रांत. ट्रान्सपोर्टवाला दहा वाजता येणार आहे. जेवायला गुणवंतानं आयते, म्हणजे तांदळाची धिरडी, केले होते, पण ते एरवीसारखे तिघांनी मागून घेतले नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

पहाटेच जाग आली. आज जाणारे क्रेट मांडवात होते. मी ठरवूनच गेलो की नुसतं पाहायचं, हात लावायचा नाही. पुढचं काही होवो, आजचा माल कसा दिसतो ते डोळ्यांत ठेवायचं.

पोतं उचललं. मानकरी जागेवर.

ओमेश्वरी चूल पेटवायला बाहेर आली. मी म्हटलं, "लवकर उठून लावलेस?"

"मी? मी तं आत्ता उठली, मामाजी. आता लावणार होती."

दुर्पता तर सातशिवाय येत नाही.

विहिरीकडून रहाटाचा आवाज आला. मोटार असताना बादलीनं पाणी कोण काढतंय म्हणून गेलो. तिलक होता, हात धूत होता. धुके असल्यामुळं चुन्याची रेघ दिसत नव्हती. किंवा दवानं कधीच पुसली गेली असेल, तिथं आता ओमेश्वरीनं पेरलेला सांभार दोन पानांवर आला आहे.

"बाबूजी," माझ्याकडं न पाहता तो म्हणाला, "त्याले काल सांजलेच फोन केला. रस्त्याकडची खडकाळ पट्टी पाहिजे तं घे म्हटलं, तिथं तसंही काई होत नाई. दोन ट्रक मावतीन. विहिरीच्या अलीकडं नाई."

"मंग दहा वाजता?"

"पट्टी पाहाले येते. चहा ठेवा लागन." मग हात पुसत म्हणाला, "ओमेश्वरीले अजून सांगतलं नाई. तुमी नोको सांगू. मीच सांगतो."

तो घराकडं गेला. मी मांडवात परत आलो, पोतं पुन्हा उचललं अन् नीट पाहिलं. फुलासारखी मांडणी नव्हती. पाच वांगी ओळीनं होती, देठ आपल्याकडं, तोंड गिऱ्हाईकाकडं.

मधलं जरा सरकलं होतं. त्याला मी हात लावला नाही.